काकींच्या चपलांचा फोटो

खिशातलं निळं पेन काढायचं, फुटलेल्या खोक्याशेजारी आडवं ठेवायचं, दोन पावलं मागं सरायचं आणि मग मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा. समोरून एक, मागून एक, डावीकडून, उजवीकडून. भिवंडीजवळच्या आमच्या वडप्याच्या गोडाउनात काकांचं हे सुरू झालं की ट्रकचे ड्रायव्हर विडी विझवून बघत उभे राहायचे. असा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल, मात्र त्याच्याकडे पेन असेलच असं नाही.

काका म्हणजे अख्ख्या गोडाउनाचेच काका, आणि त्यांचं काम डॅमेजचं. उतरवलेला माल चेपला, भिजला, फुटला, की त्याचे फोटो वरच्या ऑफिसला पाठवायचे. ते पाहून भरपाई मंजूर व्हायची. पेन कशासाठी, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"मंजूर करणारा सायेब इथं हाय का?" काका म्हणाले. "न्हाय ना? मंग भोक केवढं हाय ते त्याला कळाया नको?"

एकदा आमच्याच फोर्कलिफ्टनं एका वॉशिंग मशिनच्या पोटात दात घातला. सुपरवायझर हळूच म्हणाला, ट्रकमध्येच फुटलं म्हणू. काकांनी मशिनचे चार फोटो काढले, मग फोर्कलिफ्टच्या दातापाशी पेन ठेवून पाचवा काढला. ट्रकवाल्याला म्हणाले, "गलती तुम्हारी तो तुम्हारी, हमारी तो हमारी. जाओ, चाय पियो." सुपरवायझर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. काकांना ते कळलंही नसावं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीतला गाढव मी आहे. मी डिस्पॅचला कारकून. राहतो भिवंडीत, पण गळ्यात मोठा कॅमेरा अडकवला की स्वतःला कोणीतरी मोठा समजतो. प्रवासातला उत्तम फोटो कसा असावा यावर मी डबा खाताना व्याख्यानं द्यायचो. उन्हं कलती हवीत, क्षितिज सरळ हवं, आणि मुख्य म्हणजे फोटोत फालतू वस्तू नको. काका भाकरी मोडत मान डोलवायचे.

त्या वर्षी स्टाफची सहल कच्छच्या रणात गेली. तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो: नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. संध्याकाळी सगळे सेल्फी काढण्यात गुंग असताना काकांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बायकांच्या रबरी चपला होत्या, निळ्या पट्ट्यांच्या, टाचेकडे झिजलेल्या. त्या त्यांनी मिठावर नीट जोडीनं मांडल्या, तोंड मावळत्या सूर्याकडे करून. दोन पावलं मागं सरले आणि फोटो काढला. मग बाकीच्या तीन बाजू.

"पेन हरवलं का काय?" मी विचारलं.

"पेन सायबाला. हिला पेनाचं काय माप? हिला चप्पल दाखवली म्हंजे बरोबर कळल, किती लांबवर मीठ हाय."

ही म्हणजे काकी. काकांचं घर गणेशपुरीच्या पुढं, डोंगरातल्या पाड्यावर. भात झोडून झालं तरी दोन म्हशी दारात असतातच, त्यामुळे घरातलं एक माणूस कायम खुंट्याला बांधलेलं. लग्न झाल्यापासून दोघं मिळून एका रात्रीसाठीही बाहेरगावी गेली नव्हती. काका जायचे आणि फोटो आणायचे.

सहलीहून आल्यावर महिन्याभरात मुख्य ऑफिसनं स्पर्धा काढली. प्रवासातला एक फोटो पाठवा. पहिला आला तर जोडीनं चार दिवसांची सहल, म्हणाल तिथं. काका सूचनाफलकापुढं बराच वेळ उभे होते. 'जोडीनं' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "भाऊ, माझा पण टाकशील? मला ते फॉर्म न्हाय जमत. हिला सांगून ठेवलंय मी."

चपलांचा फोटो त्यांनी मला पाठवला. खरं सांगतो, माझ्या फोटोपेक्षा तो चांगला होता आणि मला ते जरा झोंबलंही. पण वाटलं, झिजलेल्या चपलांनी सगळा घात केलाय. आपल्या काकांचं भलं व्हावं म्हणून मी मोबाइलवर बोट फिरवून चपला पुसून टाकल्या. पांढरंशुभ्र मीठ, केशरी आभाळ. स्वतःवर खूश होऊन फोटो पाठवून दिला. काकांना बोललो नाही.

आठ दिवसांनी मुख्य ऑफिसातून एका मॅडमचा फोन आला. "फोटो छान आहे, पण मिठावर या दोन लांब सावल्या पडल्यात, त्या कशाच्या?"

चपला पुसल्या होत्या, सावल्या तशाच राहिल्या होत्या. मॅडम पुढं म्हणाल्या, की फोटोत काही घातलं किंवा काढलं असेल तर नियमानं तो बाद होतो. उद्या कळवतो म्हणून फोन ठेवला आणि काकांना शोधत गेलो.

ते एका भिजलेल्या पोत्याभोवती फिरत होते. मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. ते पोत्यावरच टेकले.

"चपला काढल्यास?" ते म्हणाले. "अरे, तिच्या पायातल्या होत्या त्या. एकच जोड. मी मागितल्या तर म्हणली, न्या, निदान चपला तरी फिरून येतील. चार दिवस अनवाणी शेण काढलं तिनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग काका उठले, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "चूक आपल्याकडची हाय तर आपल्याकडची. लिहून दे. खरा फोटो जोड आणि झालं ते सगळं लिही. पास करायचं का न्हाय ते सायेब बघतील."

मी लिहिलं. खोडाखोड माझी, काकांना पत्ता नव्हता, चपला काकींच्या, त्या अनवाणी का राहिल्या, सगळं लिहिलं. खाली सही केली आणि तीन आठवडे जेवण गोड लागलं नाही. काका मात्र रोज विचारायचे, "आला का रे निकाल?" आणि मी नाही म्हटलं की म्हणायचे, "येल. क्लेमला येळ लागतोच."

निकाल आला तेव्हा काका ट्रकच्या आत होते. मी बाहेरून ओरडलो, "पास झाला, काका. खरा फोटो धरला त्यांनी. पहिला नंबर." ते बाहेर आले, दोन्ही हातांनी माझे गाल चेपले आणि म्हणाले, "आता म्हशींचं काय?"

कुठं जायचं, हे काकींनी ठरवलं. माझ्या चपला गेल्या तिथंच मला जायचं, म्हणाल्या. आणि म्हशींचं काय, याचं उत्तर म्हणून चार दिवस रजा टाकून मी पाड्यावर जाऊन राहिलो. प्रायश्चित्तच ते. दूध शेजारच्या वहिनी काढायच्या. शेण, पेंढा, पाणी माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही म्हशींच्या खुराशी पेन ठेवून फोटो काढले आणि टेकाडावर चढून, रेंज धरून, काकांना पाठवले: माल सुस्थितीत.

थोड्या वेळानं उत्तर आलं, "धाकटीची उजवी बाजू राहिली."

राहिली होती खरी. त्या बाजूनं ती लाथ मारायची.

काका आता निवृत्त झालेत. चपलांचा फोटो मोठा करून ऑफिसात लावलाय. ड्रायव्हर विचारतात, "ये चप्पल किसकी है, भाई?" मी चहा मागवतो आणि पहिल्यापासून सांगतो. काकांशिवाय गोडाउन मला मोठं आणि रिकामं वाटतं, म्हणून जरा लांबवूनच सांगतो.

पण माझा आवडता फोटो तो नाही. मी पाड्यावर म्हशींपाशी असताना एका संध्याकाळी काकांनी रणातून काकींचे चार फोटो पाठवले होते: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. चारही बाजूंनी काकी हसतायत. पाचवा काकींनी काढलेला. क्षितिज पार कललेलं, एका कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय. पुढ्यात मिठावर त्यांच्या चपला काढून ठेवलेल्या आणि पार लांब, हात वर करून उभे असलेले काका. फोटोखाली काकींनी बोलून पाठवलेला निरोप, मागं वाऱ्याचा आवाज:

"भाऊ, चपला मुद्दाम ठेवल्यात. तुमचे काका केवढे दिसतात ते तुम्हाला कळाया नको?"