वन्संची पेटी आणि रॅमच्या दोन पट्ट्या

पुलाचा चढ संपला तशी धाकटीने बाबागाडी कठड्याला टेकवली आणि कपाळावरचा घाम पुसला. वन्संनी मात्र गाडीच्या दांड्यावरचा हात काढला नाही.

"दमलीस का गं?"

"मी कुठली दमतेय? गाडी दमली. डावं चाक केव्हाचं कुरकुरतंय."

"कुरकुरू दे. मला बरं पडतं. गाडी कुठं चाललीय ते कळतं."

गाडीत मूल नव्हतं. धाकटीच्या लेकीला फिरवायची ही गाडी. लेक लग्न होऊन गेली तरी ती माळ्यावर तशीच पडून होती. आज तिच्यात वन्संच्या कॉम्प्युटरची काळी पेटी निजवली होती, गळ्यापर्यंत लोकरीच्या शालीत गुंडाळून, आणि पायथ्याशी कीबोर्ड. धाकटी सकाळपासून टॅक्सी करू म्हणत होती. पण वन्संनी ऐकलं नाही. "टॅक्सी खड्ड्यात आदळते. माझं पोट आहे त्या पेटीत. चालत जाऊ."

पुलावरून समोरून आलेली एक बाई थबकली, गाडीवर वाकली आणि हळूच म्हणाली, "झोपलंय वाटतं! किती महिन्यांचं?"

"चौदा वर्षांचं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "बोलतं, पण फार अडखळतं. डॉक्टरकडे नेतोय."

बाईने शालीतून डोकावणारा काळा कोपरा पाहिला आणि मागे वळून न बघता तिने पूल संपवला. धाकटीला इतकं हसू फुटलं की तिला कठड्यालाच टेकावं लागलं. वन्सं हसल्या नाहीत. त्यांची ती खोडच होती. दुसऱ्याला हसवायचं आणि आपण तोंड सरळ ठेवायचं.

वन्सं म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत, म्हणून लग्न होऊन आली तशी ही धाकटी झाली, आणि केस पिकले तरी धाकटीच राहिली. वन्सं एका विमा कचेरीत टायपिस्ट होत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणत, "टाइपरायटरने मागणी घातली होती, मी हो म्हणून बसले." कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या बायका धास्तावल्या होत्या. वन्संनी दुपारच्या सुट्टीत डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने नवा कीबोर्ड ओळखून घेतला. बोटांना एकदा वाट कळली की ती विसरायची नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांना घरबसल्या काम मिळालं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जपून ठेवणारी एक संस्था होती. ध्वनिमुद्रण कानाला लावून ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करायचा, एवढंच काम. घरातल्या एकाच मोठ्या खोलीत एका कोपऱ्यात धाकटीचं शिवणयंत्र चाले आणि दुसऱ्या कोपऱ्यात वन्संचा कीबोर्ड. इकडे कडकड, तिकडे टकटक. दारावरून जाणारे म्हणत, या घरात कायम पाऊस पडत असतो.

धाकटा गेला त्या दिवसानंतरची सकाळ धाकटीच्या मनातून कधी गेली नाही. आलेगेले नातेवाईक पुढे काय, कोण कुठे राहणार, याची कुजबूज करत होते. वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक. दोन कप." बस्स. त्या दोन कपांत धाकटीचं घर तिच्यापाशी राहिलं. रोज देवापुढे हात जोडताना ती स्वतःसाठी मागणं कधीच विसरून गेली होती. दोन कप चहाबद्दल मात्र देवाचे आभार मानायला ती चुकली नाही.

मग वन्संचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदूने कडेकडेनं खात खात मधला तुकडा ठेवला होता, यंदा तोही गढूळ झाला. तोवर कॉम्प्युटरवर बोलका प्रोग्रॅम बसवलेला होता. टाइप करावं तसं तो वाचून दाखवायचा. काही दिवस झकास चाललं. पण ध्वनिमुद्रण, टायपिंग आणि बोलणं ही तिन्ही कामं एका वेळी करताना पेटी धापा टाकू लागली. वन्संची बोटं ओळ संपवून पुढच्या ओळीवर जायची, तेव्हा तो आवाज मागच्या ओळीचा दुसरा शब्द उच्चारत असायचा. चुका कळायच्या नाहीत. गेल्या दोन कामांत इतक्या चुका गेल्या की संस्थेतल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, पुढचंही असंच आलं तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

त्या बाईंना वन्संच्या डोळ्यांचं काहीच ठाऊक नव्हतं. वन्संनी सांगितलं नव्हतं. "कळलं की त्या गोड बोलतील, आराम करा म्हणतील, आणि काम काढून घेतील. मग मी दिवसभर काय करू? भिंतीकडे तोंड करून बसू? भिंतही दिसत नाही."

नवा कॉम्प्युटर घ्या, असं धाकटीने सुचवून पाहिलं. "नवं म्हणजे सगळंच नव्यानं. बटण कुठं, आवाज कुठं, कशाचं काय. माझी बोटं या वयात कुठल्या शाळेत घालू?" तेव्हा धाकटीने दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मेमरी वाढवू, म्हणजे रॅम. पेटीवर चिकटवलेल्या लेबलावरचा नंबर वाचा. तिने वाचला. त्या नंबराची पट्टी मागवून ठेवतो, पेटी घेऊन या, असं ठरलं.

म्हणून ही पायपीट.

दुकान एका गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत होतं. भिंतीला उघडे बोर्ड टांगलेले, टेबलावर स्क्रूंच्या वाट्या, चष्मा कपाळावर चढवलेला दुरुस्तीवाला. त्याने शाल पाहिली आणि दोन बोटांत धरून बाजूला केली.

"लोकरीत गुंडाळलंत? लोकर घासली की वीज साठते, ताई. आतल्या नाजूक पट्टीला ती सोसत नाही."

"मला वाटलं, धूळ लागू नये," वन्सं म्हणाल्या.

"आणि थंडी," धाकटीने भर घातली.

तो हसला. मग पेटीच्या लोखंडाला हात लावून त्याने अंगातली वीज उतरवली आणि झाकण उघडलं. धाकटीने रॅम म्हणजे नेमकं काय ते विचारलं. तिचा शिवणाच्या मापाचा टेप गळ्यात तसाच राहिलेला बघून तो म्हणाला, "कापड कपाटात असतं, पण बेतायला टेबल लागतं ना? कपाट भरपूर आहे तुमच्या पेटीत. टेबल एवढंसं आहे. तीन कापडं पसरली की एक खाली पडतं. आपण टेबल मोठं करायचं."

त्याने मागवलेली पट्टी जागेवर धरली आणि थांबला. पुन्हा धरली. पट्टीच्या कडेची खाच आणि आतला उंचवटा जुळेना.

"हे मशीन ते नाही. तुम्ही सांगितलेला नंबर वेगळ्याचा आहे."

"असं कसं? ह्याच पेटीवरचा वाचला मी," धाकटी म्हणाली. एवढ्या लांब आणून चूक आपलीच निघाली की काय?

"जोर केला तर पट्टीही जाईल आणि बोर्डही. बसायची नाही ही."

वन्संचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे करून पेटी चाचपली. घर बदलताना बसलेला पोचा, थोडं आत दबलेलं चालू करायचं बटण. "हीच आहे. रोज माझा हात असतो हिच्यावर. चौदा वर्षं."

"पेटी हीच असेल, ताई. आतला संसार दुसरा आहे." दुरुस्तीवाला आता वाकून बारकाईने बघत होता. "बोर्ड बराच नंतरचा आहे. कुणीतरी बदललाय. आणि काय जीव लावून बदललाय! जुन्या पेटीत बसावा म्हणून इथला पत्रा कानशीनं घासलाय. पुढच्या बटणाची वायर पुरेना, तर तुकडा जोडून लांब केलीय. नवी पेटी आणली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं हे. आणि वायरी बघा, दोऱ्यानं बांधल्यात."

धाकटी वाकली. निळा दोरा. शाळेचे गणवेश शिवायला ती ढिगाने आणायची तो. त्याच्या टोकाला एकावर एक तीन गाठी मारलेल्या. कुठलीही गाठ एकदा मारून ज्याचं समाधान होत नसे असा माणूस तिला एकच माहीत होता.

"वन्सं, ह्यांनी," एवढंच ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने वन्संचं बोट धरून त्या गाठींवर नेऊन ठेवलं.

मग दोघींना आठवलं. एकदा धाकटा पेटी साफ करून आणतो म्हणून घेऊन गेला होता आणि आठवडाभर आणलीच नव्हती. वन्संनी रोज तोंड सोडलं होतं, "धूळ पुसतोयस की पेटीला लुगडं विणतोयस?" तो नुसता हसायचा. तेव्हा वन्संना चष्म्यानं दिसत होतं, निदान सगळे तसं समजत होते. पण जिन्यावर त्यांचा पाय एकदोनदा चुकलेला त्याने पाहिला असणार. नवं यंत्र बहिणीला पेलणार नाही हे ओळखून त्याने सगळं नवं जुन्या कातडीखाली बसवलं होतं. लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

"मला कळूच दिलं नाही लबाडाने," वन्सं म्हणाल्या.

"कळलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं का?" धाकटी म्हणाली.

"छे! हाकलून दिलं असतं."

त्यांचे डोळे वाहत होते, आणि पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. धाकटीने पुसले. मनातल्या मनात तिने देवाला हात जोडले, की बाबा, गेलेल्या माणसाची एवढी माया तू आमच्यासाठी राखून ठेवलीस.

"पण पट्टीचं काय?" वन्संनी विचारलं. रडता रडता कामाची आठवण राहणाऱ्या बाई त्या.

"तेच सांगतोय. तो लेबलावरचा जुना बोर्ड असता तर मी फार काही वाढवू शकलो नसतो. या बोर्डावर दोन जागा अजून रिकाम्या आहेत." त्याने खणात हात घातला. एका कचेरीने काढून टाकलेल्या मशीनांतून जपून ठेवलेल्या पट्ट्यांमधून जुळणारी जोडी निघाली. त्याने दोन्ही बसवल्या, बटण दाबलं.

पेटीने एक लांब शिट्टी दिली. थांबली. पुन्हा दिली.

धाकटीच्या ओठांवर देवाचं नाव आलं. दुरुस्तीवाल्याने वीज बंद केली, पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासल्या आणि अंगठ्याने दाबून पुन्हा बसवल्या.

"आता दोन्हीकडून टक वाजलं," वन्सं म्हणाल्या. "मघाशी दुसऱ्या पट्टीचं एकाच बाजूनं वाजलं होतं."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं ना!"

"तुम्ही डॉक्टर. मला वाटलं, एकीला एकच बाजू असेल."

या वेळी शिट्टी झाली नाही. पेटी घुमली, दुकानातला पडदा उजळला. धाकटीने आणलेला कीबोर्ड जोडला, दुकानातला छोटा स्पीकर लावला, ध्वनिमुद्रणही सुरू करून ठेवलं, मुद्दाम, सगळा भार पडावा म्हणून. वन्संनी बोटं जागेवर ठेवली. कचेरीत टाइपरायटरची रिबन बदलली की त्या नेहमी एकच ओळ मारून बघत, हजारो पत्रांची पहिली ओळ. तीच आज बोटांतून आली. आणि आवाज बोटांच्या मागोमाग, श्वास घ्यायला न थांबता चालत आला, "आपले पत्र पोचले. आभारी आहोत."

दुरुस्तीवाला उगीच स्क्रू वेचत राहिला.

वन्संनी मुद्दाम एक चूक केली. आवाजाने ती तिथल्या तिथे वाचून दाखवली. त्यांनी दुरुस्त केली, पुन्हा केली, शाळकरी पोरीसारखी आणखी एकदा केली. मग हात मांडीवर घेतले.

"संस्थेतल्या बाईंना फोन लाव."

"आता? इथून? घरी जाऊन निवांत बोला की."

"घरी पोचेपर्यंत माझा धीर सुटेल. सांगून टाकते, डोळे गेलेत म्हणून. चुका आळसाच्या नव्हत्या, हेही सांगते. आता चुका होणार नाहीत हे मला छातीठोकपणे सांगता येतंय, तेवढ्यात सांगू दे. पुढचं काम लपवून नाही करायचं मला."

धाकटीने नंबर काढून लावला. "मी बोलू का तुमच्या वतीने?"

"तू नको. तू बोललीस की त्यांना माझी कीव येईल. मी बोलले तर फार तर राग येईल." वन्संनी फोन हातात घेतला. पलीकडे घंटी वाजायला लागली होती. त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि धाकटीकडे तोंड केलं.

"तू एक कर, धाकटे. या स्टुलावर माझ्याजवळ बस. आणि त्या नाही म्हणाल्या, तर लगेच माझी समजूत घालायला लागू नकोस. घर येईपर्यंत नुसती बरोबर चाल."