सतरंजीवरून खुर्चीत
संगणक तापून धुळीचा करपट वास आला की नालवाडीतली ती खोली आठवते. घरी संगणक असलेले आम्ही दर रविवारी तिथं जमायचो. संगणकावर नवी युक्ती दाखवेल त्याला त्याच्यापुढची खुर्ची, बाकीचे सतरंजीवर. आठवीत शाळा सोडलेली मी कायम सतरंजीवर, एक कॉलेजवाली कायम खुर्चीत, मी जळायचे. एकदा तिचं टाइप केलेलं अख्खं पत्र पुसलं गेलं. ते परत आणता मला येत होतं, तरी मुद्दाम गप्प बसले. माझं तोंड पाहून तीच उठली. “काऊन गप्प हायेस वं? तुले येते ना? बस इथं!” पत्र परत आलं तेव्हा पहिली टाळी तिचीच. असं उठणं मला जमलं नसतं, म्हणून आणखीच जळले. आता नालवाडीपासून इतक्या दूर, ऑफिसात नवी मुलगी शिकायला आली की माझी जागा जाईल या धास्तीनं मी खुर्चीला चिकटते. मग ती कॉलेजवाली आठवते, आणि मी उठते.