न दुखणारा पाय

आमच्या हट्टा गावात हळद घासायचं काम पूर्वी पायानं चालायचं. शिजवून वाळवलेल्या हळकुंडावर खरखरीत साल राहते. ती काढायला दोन्ही पायांना बारदान्याचे तुकडे गुंडाळायचे, फरशीवर हळकुंडं पसरायची आणि आडव्या बांबूला धरून त्यांच्यावर तासन् तास पाय घासत राहायचं. माझ्या मोठ्या जाऊबाई पद्माबाई या कामात गावात सगळ्यांच्या पुढे. घासता घासता त्या मध्येच थांबायच्या आणि शेतमालकाला सांगायच्या, "अमृतराव, ह्या ढिगाला अजून दोन दिवस ऊन दाखवा. आतून वली हाय." अमृतराव एक हळकुंड मोडून बघत. आत ओल असायचीच.

बारदान्याच्या दोन घड्यांतून हे पायाला कळतं कसं, असं मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"तुला भाकर हातात घेतली की कळत न्हाई का कच्ची हाय ते? तसंच," त्या म्हणाल्या.

मी नंतर एकदा कुणी नसताना पायाला बारदाना बांधून बघितला. मला काही कळलं नाही, फक्त घोटा सोलला.

भावजी, म्हणजे पद्माबाईंचे मालक, १९८४ साली वारले तेव्हा त्यांचा मुलगा प्रज्ञेश सहा वर्षांचा होता. बाईंनी त्याला याच कामावर वाढवलं, शिकवलं. माहेरी परत गेल्या नाहीत, आमच्यापुढेही हात पसरला नाही. त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझ्याही, शेवटची चार वर्षं दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून परसाकडं जायच्या. ते सगळं बाईंनी केलं होतं. त्या मला पुष्कळदा म्हणायच्या, "करुणे, मरण येईल तवा येईल. पण माझ्या पायानं मला न्यावं, बस."

मी रोज सकाळी बुद्धवंदना झाली की वही घेऊन बसते. काय शिजलं, कोण आलं, आणि मनात कोणता प्रश्न आला, एवढं लिहिते. बाईंच्या पायाची हकिगत त्या वह्यांतूनच जुळवली आहे.

१९९५ साली शाळेत तपासणीचं शिबिर झालं, त्यात बाईंना साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. आठवण झाली की घ्यायच्या, नाही झाली की नाही. पुढे हळद घासायला ड्रम आले आणि पायाचं काम संपलं, तरी वाळली की नाही हे सांगायला लोक त्यांनाच बोलवत. २००१ साली त्यांनी अमृतरावांची हळद वाळली म्हणून सांगितलं आणि ती वसमतच्या बाजारातून परत आली. आतून ओली होती, बुरशी धरायला लागली होती. अमृतराव भला माणूस, काही बोलले नाहीत. बाई मात्र त्यानंतर कुणाच्या ढिगावर पाय ठेवायला गेल्या नाहीत. "वय झालं," म्हणाल्या. त्या दिवशी मी वहीत लिहिलंय: डोळ्याला चष्मा लागतो, पायाला काय लागत असेल? लिहिलं आणि विसरले.

२००३ च्या फेब्रुवारीत हळद उकडायचं काम चालू होतं. बाई खळ्याच्या कडेवरून उतरताना डावा पाय मुरगळला. चालत घरी आल्या. घोट्याखाली सूज होती. मुक्या मारावर आमच्याकडे हळद आणि चुन्याचा कोमट लेप लावतात, तो लावला. चुना पडला की हळद लालभडक होते. दोन दिवस थोडं दुखलं. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. सूज होती, पण दुखणं गेलं होतं. माझ्या लेपाचं गल्लीत कौतुक झालं आणि बाई पुन्हा कामावर जायला लागल्या.

त्याच दिवसांत माझी उजवी टाच धरली होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की काटा रुतल्यासारखं व्हायचं. नळापर्यंत दोन खेपा केल्या की मोकळं. बसून उठलं की पुन्हा तेच.

"काय लंगडून राहिली?" बाई चुलीपाशी बसून हसायच्या. "माझा पाय सुजला तरी मी चालते. तुझा दिसायला बरा हाय तरी तू बोंबलती."

"तुमचा लेपानं बरा झाला."

"मग तू बी लाव की. का हळद महाग झाली?"

म्हणून मुरगळल्याच्या नवव्या दिवशी सकाळी, रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा, मी त्यांच्या पायाला रोजचा लेप लावला आणि वाटीत उरलेला माझ्या टाचेला. बातम्या दहा मिनिटांच्या. त्या संपायच्या आत बाईंच्या पायावरचा लेप वाळून तडकला होता. माझा ओलाच. मला वाटलं, माझा जाड लागला असेल. दुसऱ्या दिवशी मी बाईंच्याच दोन्ही पायांना सारखा लेप लावला.

"उजव्याला काहून? त्याला काय झालं?"

"असू द्या. बघायचंय."

"तुझं बघणं काही संपत न्हाई बाई."

डावा तडकला. उजवा कितीतरी वेळ ओला राहिला. मग मी दोन्ही पाय धुतले आणि हाताची मागची बाजू लावून बघितली. उजवा गार होता. डावा नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखा गरम. आणि लेप निघाल्यावर दिसलं की खालची कातडीही लालच आहे. दहा दिवस आम्ही लालावर लाल फासत होतो, दिसणार काय?

बाई सुपात डाळ निवडत होत्या. मी त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिमटा घेतला. चांगला घेतला. त्या डाळीतले खडे वेचत राहिल्या.

"बाई, कळलं का काही?"

"काय कळायचं?"

आता डॉक्टर गाठायलाच हवा होता. पण दवाखान्याचं नाव काढलं तर त्या सूप बाजूला सारून म्हणाल्या, "दुखत न्हाई त्या पायासाठी डॉक्टरकडं जाणारी बाई तू बघितली का? लोक हसतील." मग मी माझी टाच पुढे केली. म्हटलं, मला चालवत नाही, परभणीला हाडांच्या डॉक्टरकडं जायचंय, एकटी कशी जाऊ? तेव्हा त्या लगेच लुगडं नेसून तयार झाल्या.

डॉक्टरांनी आधी माझीच टाच दाबून बघितली. सकाळी दुखते का, चालल्यावर कमी होते का, असं विचारलं आणि म्हणाले, "ही साधी गोष्ट आहे. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा ताणलाय. फरशीवर अनवाणी फिरू नका, पोटरीला ताण द्यायचा व्यायाम दाखवतो, दोन-तीन महिन्यांत जाईल. सूज आली, पायावर भार देता येईना, मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर मात्र वाट बघायची नाही, यायचं."

मी म्हटलं, "आता ह्यांचा बघा."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की त्या भर दवाखान्यात मला रागवायला लागतील असं वाटलं. पण डॉक्टर खाली वाकले होते. त्यांनी दोन्ही पायांना हात लावला आणि हसणं बंद केलं. साखर कधीपासून, विचारलं. मग बाईंना डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या एका तारेनं तळव्याला ठिकठिकाणी टोचलं.

"किती वेळा लावली तार?"

"अजून सुरू कुठं केलं तुमी?" बाई म्हणाल्या.

दहा ठिकाणी लावून झाली होती.

"बधिरपणा कधीपासून आहे?" बाईंना सांगता येईना. जे कळतच नाही ते कधीपासून कळत नाही, हे कसं सांगणार? मला एकदम ती परत आलेली हळद आठवली. बारदान्यातून ओल ओळखणारा पाय दोन वर्षांपूर्वी चुकला होता. मी सगळं सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

एक्स-रेत पायाच्या मधली दोन लहान हाडं तडकलेली निघाली. बाई त्यावर बारा दिवस चालल्या होत्या.

"साखरेनं पायाच्या नसा मेल्यात," डॉक्टर म्हणाले. "दुखलं असतं तर तुम्ही बसला असता. दुखलं नाही म्हणून चालत राहिलात, आणि पाय आतून मोडत राहिला. साखरेच्या माणसाचा पाय गरम, सुजलेला आणि न दुखणारा असला, तर त्याच दिवशी दाखवायचा. ह्या ताईंची टाच ओरडते, ती थांबू शकते."

प्लास्टर. तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही.

"आन् लावला तर?" बाईंनी विचारलं.

"पायाची कमान बसेल, तळवा खालून गोल होईल. त्याला जखम होईल, तुम्हाला कळणार नाही. ती भरली नाही तर पाय काढावा लागतो."

बाई परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी मनात वेगळाच विचार करत होते. विहारात भंतेजी सांगतात, दुःख आहे हे आधी ओळखावं. मी आजवर दुःख जावं एवढंच मागत आले. ओळखायची शक्तीच गेली तर माणूस किती उघडा पडतो, हे मला त्या बसमध्ये कळलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते राहू दे. परसाकडं कोण नेणार, ते सांग."

प्रज्ञेशनं नेलं. मी नेलं. पहिला महिना त्या आमच्याशी धड बोलल्या नाहीत. खांद्यावर हात ठेवायच्या तो इतका हलका की आधार कसला, नुसता वारा. मार्चमध्ये एका दुपारी मी दळण आणायला गेले होते. परत आले तर बाई प्लास्टरच्या पायानं अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेलेल्या. कुणाच्या तरी हळदीच्या गाड्या चालल्या होत्या, त्या बघायला.

"चालले तर काय झालं? दुखलं बी न्हाई," त्या म्हणाल्या. बोलल्या आणि मग स्वतःच पायाकडं बघायला लागल्या.

चार दिवसांनी प्लास्टर बदलायची पाळी होती. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, मागच्या वेळेपेक्षा ऊब वाढली आहे, पायावर चालणं झालंय. बाईंनी खोटं सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र त्या डावा पाय उचलून, खांद्यावर पूर्ण भार देऊन चालायला लागल्या. माझा खांदा दुखायला लागला आणि मला बरं वाटलं. वैशाख पौर्णिमेला सगळी गल्ली विहारात गेली, बाई पांढरं पातळ नेसून ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसल्या आणि तिथूनच त्यांनी वंदना म्हटली.

मे संपता संपता प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते. कमान थोडी बसलेली आहे, ती तशीच राहणार. पण हाडं जुळली होती. डॉक्टरांनी मऊ तळाच्या खास बुटांचा जोड बनवून घेतला होता. तो इतका ओबडधोबड होता की बाई म्हणाल्या, "हे घालून मी गावात गेले तर कुत्री भुंकतील." रोज दोन्ही पाय बघायचे, हात लावून दोन्हींची ऊब सारखी आहे का ते ताडायचं, तळव्याला आरसा लावायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत, अनवाणी घरातसुद्धा नाही. बाई सगळ्याला व्हय म्हणाल्या.

मग त्या उठल्या. प्रज्ञेशनं हात पुढे केला. त्यांनी त्या हातात पिशवी दिली.

दवाखान्याचा बोळ लांब होता. मी मागून चालत पावलं मोजत होते, मला सवयच आहे. सव्वीस झाली तेव्हा बाई बाकाशी थांबल्या, बसल्या आणि त्यांनी आपल्या हातानं दोन्ही बूट काढले. येणारे-जाणारे बघायला लागले.

"हात लाव," त्या मला म्हणाल्या.

मी हाताची मागची बाजू आधी उजव्या पायाला लावली, मग डाव्याला. मग खात्रीसाठी पुन्हा उजव्याला.

"सारखेच हायेत, बाई."

त्यांनी स्वतःही लावून बघितलं. मग बूट चढवले, भिंतीला एक हात टेकून उभ्या राहिल्या, तो हातही काढला, आणि दाराकडं निघाल्या.