चौघींत खाईन तवा

आजारी कोंबडी बरी झाली, असे मोठ्याबाई लवकर म्हणत नसत. ती उभी राहिली, पंख झाडू लागली, दाणे टिपू लागली, तरी त्या मान हलवत. "एकली खाते ते बरी नोहे. चौघींत खाईन तवा बरी."

नांदुऱ्याला त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. अकोल्याच्या एका दैनिकाला मलकापूर-नांदुऱ्याच्या बातम्या पाठवणे हे माझे काम. घर गावाच्या कडेला, मागे वांगी-मिरचीचा मळा. मळा मोठ्याबाईंचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ पाहत. घरात त्यांची आई, आणि थोरली सून म्हणून साऱ्या गल्लीच्या मोठ्याबाई. धाकटी सून शांता तेव्हा वर्षभर क्षयाच्या दवाखान्यात होती.

मोठ्याबाईंच्या सात कोंबड्या होत्या. त्यांतल्या थोराड लाल कोंबडीचे नाव सभापतीण. पंचायत समित्या तेव्हा नव्या होत्या आणि मी त्यांच्या सभांच्या बातम्या लिहीत असे. नाव असे का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "एकदा बसली का उठत नाई, अन् दुसरीले बसू देत नाई. तुमच्यावाला सभापतीबी तसाच हाये ना?"

त्या हिवाळ्यात काबरी नावाच्या कोंबडीला मुंगसाने पाठीवर धरले. ती वाचली. कंपाउंडरने लाल औषध दिले, बाईंनी ते लावले आणि दोन दिवसांनी तिला बाकीच्यांत सोडले. दहा मिनिटांत पाठ पुन्हा सोलून निघाली. कोंबडी लाल दिसेल तिथे टोचते. बाईंनी काबरीला पदरात उचलले. दोष कोंबड्यांना दिला नाही. "चूक माही. कुठी टोचाचं थे मीच रंगवून दाखवलं."

मग जांभळे औषध आणले. काबरीला अंगणाच्या मध्यभागी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली ठेवले. बाकीच्यांचे दाणे त्याच्याभोवती टाकले. आठ दिवस साऱ्या तिला पाहत खात राहिल्या, तीही त्यांना पाहत खात राहिली. डालगे उचलल्यावर पाच जणींनी काही केले नाही. सभापतीण मात्र धावून आली. काबरीला पुन्हा झाकतील असे मला वाटले. बाईंनी सभापतिणीला धरले आणि शेजाऱ्यांच्या गोठ्यात दावणीला बांधून आल्या. "बिमारीचा इलाज झाला. आता मारकुटीचा करा लागते." दहा दिवसांनी सभापतीण परत आली तेव्हा काबरी दाण्यांवर होती. तिला कोणी जागा करून दिली नाही. ती थोडा वेळ बाजूला उभी राहिली, मग कडेने खाऊ लागली.

चैत्रात शांता परत आली. रोग बरा झाल्याचा डॉक्टरचा कागद तिच्याजवळ होता. सासूने तिची ताटली वेगळी केली, पेला वेगळा केला, अंथरूण गोठ्यालगतच्या खोलीत टाकायला सांगितले. मुलांना माझ्यादेखत बजावले, "मिरगाच्या आत तिले माहेरी पोचवून द्या. कागदाच्या भरवशावर मी पाणी पेत नाई." धाकट्यासाठी मलकापूरकडच्या एका मुलीची चौकशी सुरू झाल्याचे गल्लीला ठाऊक होते. धाकटा उजाडताच मळ्यात निघून जाई.

त्या दिवसांत मी सकाळचा घरचा चहा सोडून स्टेशनवर घेऊ लागलो. मोठ्याबाईंच्या ते लक्षात आले. "पेपरात छापून आलं असतं का थे बरी झाली, तर पेले असते का चहा?" दुसऱ्या दिवशीही मी स्टेशनवरच गेलो.

त्यांनी शांताला रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गहू निवडायला बसवले. आलागेला तिला ओलांडूनच आत जाई. आठ-दहा दिवसांत शेजारणींनी तिच्याकडे टक लावून बघणे सोडले. मग एक-दोघी बोलू लागल्या. सासू मात्र पदर आवरून पलीकडून जाई. एका सकाळी मोठ्याबाई तिला म्हणाल्या, "आत्याबाई, लोणारहून वन्संचा निरोप आला. कुरड्या टाकाच्या हायेत अन् चीक बिघडून राह्यला. तुमच्याबिगर जमत नाई म्हणे."

"थे कवा शिकन वं?" सासू खूश होऊन म्हणाली. असा निरोप आला नव्हता. बाईंनी तिला स्वतः एस.टी.त बसवून दिले, घरी आल्या आणि शांताला म्हणाल्या, "आजपासून पाणी तुह्याकडं."

"माय आल्यावर काय सांगू?" थोरल्याने विचारले.

"सांगा, मोठीनं केलं."

त्या महिन्यात रांजण शांताने भरला, साऱ्यांनी तिच्या हातचे प्यायले. एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे चहा ठेवला. मी घेतला.

लेकीने महिनाभर ठेवून घेतलेली सासू वैशाखात भर दुपारी परतली. ओसरीवर बसली आणि तिने हाक दिली, "मोठे, पाणी आण."

आतून आवाज आला, "हात शेणात हायेत, आत्याबाई."

शांता तांब्या घेऊन बाहेर आली. सासूने हात पुढे केला नाही. शांताने तांब्या खाली ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. सासूने पुन्हा हाक दिली. या वेळी आतून काहीच आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने म्हातारीने तांब्या उचलला, वरून धार धरली आणि रिकामा केला. "गार हाये," ती शांताला म्हणाली.

मिरग आला आणि गेला. माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही. मलकापूरची चौकशी थांबली. मात्र लोणारचा निरोप खोटा होता, हे सासूला तिथे पोचताच कळले होते, आणि मोठीचे हात त्या दुपारी शेणात नव्हते, हे तिला शेजारणीने सांगितले. सासूने मोठ्याबाईंशी बोलणे बंद केले. काही सांगायचे असले तर ती शांताकडे पाही. "मोठीले सांग, डाळ शिजू घाल." मोठी दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असे. शांता सांगे. पुढे पुढे शांताला त्यात अवघडल्यासारखे होईनासे झाले.

वर्षभराने मला अकोल्याच्या कचेरीत बोलावले. निघताना मी मोठ्याबाईंना विचारले, सासूबाईंचे हे असेच चालायचे का. त्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या.

"थ्या दोघी बोलून राह्यल्या ना," त्या म्हणाल्या, आणि माझी गाडी किती वाजता आहे ते विचारले.

तीन वर्षांनी शांताचे पोस्टकार्ड आले. मजकूर चार ओळींचा होता. मोठ्याबाई तापाच्या निमित्ताने गेल्या. चारच दिवस अंथरुणावर होत्या. शेवटच्या ओळीत होते की, सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. का, ते लिहिले नव्हते.