राखेतला घेवडा

ती फिर्याद मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. पण थक्क झालो तो एका पत्र्याच्या डब्याच्या चोरीने. नावं कुणाचीच देत नाही.

बनारसमध्ये परदेशी तरुण सतार शिकायला येऊ लागले होते, त्या काळातली गोष्ट. दशाश्वमेधजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. माझे वडील साताऱ्याकडून येऊन रामघाटावरच्या वेदपाठशाळेत आचारी म्हणून राहिले. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मीच. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण त्या शिक्षणामुळेच मला फिर्यादी बाईंशी दुभाष्याविना बोलता आलं.

एका दुपारी बंदोबस्तावरून परतलो, तर आमचे मुन्शीजी, म्हणजे ठाण्याचे लेखनिक, हात जोडून उभे.

"साहेब, अनर्थ झाला. मेमसाहेबांच्या नवऱ्याच्या अस्थी कुणीतरी घाटावरून उचलल्या. शिपाई पाठवलेत सगळीकडे."

बाकावर सत्तरीच्या एक गोऱ्या बाई बसल्या होत्या. शेजारी त्यांचा दाढीवाला मुलगा. तो सतार शिकायला आला आणि इथल्याच मुलीशी लग्न करून संकठा घाटाजवळ राहिला होता. मी इंग्रजीत दुःख व्यक्त केलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"माझा नवरा आमच्या गावी चर्चमागे पुरलाय," त्या म्हणाल्या. "तो कशाला चोरीला जाईल?"

मुन्शीजींनी डब्यात काय होतं म्हणून विचारलं होतं. मुलाने मोडक्या हिंदीत सांगितलं, "राख, और बीज." बनारसमध्ये परगावच्या माणसाच्या डब्यात राख म्हटल्यावर पुढचा शब्द कोण ऐकतो? मुन्शीजींनी अस्थी लिहून टाकलं.

डब्यात होता लाल ठिपक्यांचा घेवडा. कीड लागू नये म्हणून चाळलेल्या राखेत ठेवलेला. माझ्या आजोळी वाल असेच ठेवत. मी तसं सांगितल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा धीर दिसला, आणि त्या बोलू लागल्या.

बाई अमेरिकेच्या, आणि अमेरिका म्हणजे उंच इमारती आणि लांब मोटारी, एवढीच माझी समजूत. या बाईंचे हात आमच्याकडच्या शेतकरणीचे होते, नखांच्या कडा काळ्या. त्यांच्या आजीच्या पिढीत इटलीतल्या एका डोंगरी खेड्यातली काही कुटुंबं अमेरिकेला गेली. भाषा येत नव्हती, दुसऱ्याच्या शेतावर राबत होती. सगळ्यांनी मिळून जमीन घेतली ती कुणालाच नको असलेली, अर्धी दलदल, अर्धी दगड. पहिला हिवाळा एकाच छपराखाली काढला. चर उकरून पाणी काढून दिलं, दगड वेचले, त्याच दगडांचं चर्च बांधलं. खायला होता तो बायकांनी घागऱ्याच्या काठात शिवून आणलेला घेवडा. त्यावर ते गाव उभं राहिलं.

"केवढं आहे गाव?" मी विचारलं.

"बसमध्ये डुलकी लागली तर निघून जातं," बाई म्हणाल्या.

मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं की आईने त्याला हे बी द्यायचं, अशी त्यांची रीत. इतर घरांनी केव्हाच बाजारचं बी धरलं होतं. बाईंनी शेत विकलं होतं, आणि घरात उरलेलं बी पुरात कुजलं. शिल्लक होतं तेवढं या डब्यात. ते मिळालं नाही तर हा घेवडा जगातून गेला.

मुन्शीजी हळूच म्हणाले, "साहेब, शिपायांना परत बोलावून खरं काय ते सांगू?"

"थांबा," मी म्हटलं. चोराला आतली वस्तू घेवडा आहे असं कळलं, तर राख मोरीत आणि घेवडा चुलीवर जाणार होता. अस्थी म्हणून तो निदान जपेल, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटावरचे एक गुरुजी ठाण्यात आले. मला लहानपणापासून ओळखणारे.

"काय रे, दरोगा झालास म्हणून घाटावर यायचं सोडलंस का?" खुर्चीवर बसता बसता त्यांनी मला सुनावलं, मग आवाज खाली आणला. "काल एकजण आला होता. विचारत होता, परक्याच्या अस्थी सोडायच्या असतील, नाव-गोत्र माहीत नसेल, तर चालतं का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, गोत्राचं बघता येईल, पण तुझं नातं काय? म्हणाला, रिश्ता नहीं है महाराज, जिम्मेदारी है. मला काही ते सरळ वाटलं नाही. मी नकार दिला. तर म्हणतो, मग एकादशीला मीच सोडतो."

एकादशी दुसऱ्याच दिवशी होती. तो माणूस डावा पाय ओढत चालत होता असं गुरुजी म्हणाल्यावर मला कोण ते कळलं. यात्रेकरूंच्या पिशव्या उचलणारा जुना गुन्हेगार. तासाभरात त्याला आणला, पंच घेऊन खोलीची झडती घेतली. डबा ज्यात होता ती बाईंची कापडी पिशवी मिळाली. डबा नाही.

"थैली पडी मिली, साहब. डिब्बा था ही नहीं." एवढं एकच वाक्य तो घोकत राहिला.

माझी चौकशीची पद्धत साधी. माणूस काय बोलतो याकडे कमी आणि केव्हा घाबरतो याकडे जास्त लक्ष द्यायचं. शिपाई त्याचं अंथरूण उलटंपालटं करत होते, पेटी उघडत होते, तेव्हा हा निवांत होता. याचा अर्थ डबा घरात नव्हता. नदीतही नव्हता, कारण एकादशी अजून उजाडायची होती, आणि नदीचं नाव काढलं की हा काम बाकी असल्यासारखा चुळबुळ करायचा. मग ठेवला कुठे?

आणि एकदम लक्षात आलं. अस्थी विसर्जनापूर्वी घरात आणत नाहीत. बाहेर झाडाला बांधून ठेवतात.

"तुझ्या गल्लीतला पिंपळ कुठला?" मी विचारलं.

त्याने डोकं खाली घातलं. मग म्हणाला, "एक बार खोला था, साहब. राख देखी तो बंद कर दिया. फिर हाथ नहीं लगाया." अस्थी चोरल्या म्हणून लोक जीव घेतील, या भीतीने तो कबूल होत नव्हता.

गल्लीच्या टोकाच्या पिंपळावर सुतकातल्या घरांनी बांधलेली मातीची मडकी लोंबत होती. त्यांच्यात तो परदेशी डबा, नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. कापडावर वाळलेला झेंडू. मी पायातले बूट काढले. का काढले ते विचारू नका. आत घेवडा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

पंचनामा झाला. पण मुद्देमाल खटला संपेपर्यंत मालखान्यात राहतो, आणि आमच्या मालखान्यात उंदरांचं राज्य. बाईंचा परतीचा दिवसही जवळ आलेला. मी स्वतः मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभा राहिलो.

"घेवडा?" ते म्हणाले. "वाण्याकडून दुसरा घेऊन द्या की."

मी त्या गावाची हकीकत सांगितली. छप्पर, दलदल, घागऱ्याचा काठ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि फोटो ठेवून माल फिर्यादीच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. चोराला पुढे शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती.

पेरणीला बाईंनी मला बोलावलं. मुलाच्या गच्चीवर फुटक्या कुंड्यांत गंगेची माती भरली होती. सून ओच्यात बी धरून उभी. पेरताना एकेका दाण्याबरोबर एकेक नाव घ्यायचं, ज्यांनी ज्यांनी हे बी सांभाळलं त्यांचं, अशीही त्यांची रीत. बाईंनी आजीचं नाव घेतलं, आईचं, मग कितीतरी इटालियन नावं. ज्यांनी ते दगड वेचले ती माणसं एकेक करून त्या गच्चीवर येऊन उभी राहताहेत, असं मला वाटलं.

फिर्याद लिहून घेताना काय गेलं, कधी गेलं, कुणी नेलं, एवढंच आम्ही विचारतो. नेणाऱ्याने ते कसं ठेवलं, हा प्रश्न मी तोवर कुणालाच विचारला नव्हता. त्यानंतर प्रत्येक तपासात विचारला, आणि माणसांबद्दल जे थोडंफार कळलं ते त्यातूनच कळलं.

शेवटचा दाणा हातात धरून बाई माझ्याकडे वळल्या.

"ज्याने डबा झाडावर जपला, त्याचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांना ते नीट म्हणता येईना. दोनदा मला विचारून घेतलं, ओठांवर घोळवलं, आणि मग त्यांच्या गावच्या उच्चारात ते नाव घेऊन दाणा मातीत दाबला.