फॉलो न करता

मुलगी बंगलोरला गेली ती माझ्याशी भांडूनच. चांगली पक्की नोकरी सोडून तिला तिथे कुणाच्या तरी स्टुडिओत फोटो काढायचे होते, आणि हे तिने मला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आधी समोरचीने फोन करावा, असं दोघींनीही मनात धरलं. वर्ष होत आलं तरी फोन कुणीच केला नाही.

ती फोटोंच्या त्या ॲपवर असते, हे समोरच्या दारातल्या भाभींकडून कळलं. त्या घरून कुर्ती विकतात, त्याच ॲपवर. मग त्यांनी मला माझ्या नावाने खातं उघडून दिलं आणि माझी शिकवणी सुरू झाली. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर उभं राहायचं, मीरा रोडला उतरून घरी यायचं, पाय गरम पाण्यात सोडायचे आणि या वयात पाठांतर करायचं. डीपी म्हणजे आपला फोटो. डीएम म्हणजे खाजगी मेसेज. स्टोरी एका दिवसात आपोआप पुसली जाते. टीबीटी म्हणजे जुना फोटो, एलओएल म्हणजे हसू आलं. अख्खा शब्द लिहायला या लोकांच्या हाताला काय होतं, कोण जाणे. आज शिकलेलं उद्या माझ्या डोक्यातून गेलेलं असायचं.

"आंटी, बेटी को फॉलो करो ना," भाभी म्हणायच्या.

"नको. उसको लगेगा मैं झुक गयी."

फॉलो न करताही तिच्या स्टोरी दिसायच्या. जेवण उरकलं की मी रोज बघायचे. तिची खोली, खिडकीतलं झाड, एकदा हाताला बांधलेलं बँडेज. ते पाहून जीव खालीवर झाला, पण फोन केला नाही. फॉलो केलेलं नाही म्हणजे तिला पत्ता लागणार नाही, अशी माझी पक्की समजूत.

परवा भाभी माझा फोन हातात घेऊन बसल्या होत्या.

"आंटी, इधर रिक्वेस्ट में मेसेज पडे हैं. आप जिसको फॉलो नहीं करते, उसका डीएम इधर जाता है. और स्टोरी किसने देखी, वो नाम उसको दिखता है. पता है ना?"

मला काहीच माहीत नव्हतं.

मेसेज तिचेच होते. पहिला पावसाळ्यातला. 'आई, तू रोज बघतेस ते दिसतं मला. बरं वाटतं.' मग, 'सुरी लागली फक्त, काळजी करू नकोस.' मग, 'एकदा बोल ना.' शेवटचा गेल्या महिन्यातला. 'राग गेला नसेल तर राहू दे. पण बघणं बंद करू नकोस.'

भाभी फोन माझ्या हातात देऊन उठून गेल्या. मला राग आला, तिचा, ॲपचा, सगळ्यात जास्त माझा, आणि मग रडू आवरेना.

फॉलोचं बटण मी शोधलंच नाही. सरळ फोन लावला. तिने उचलला. काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना, पण फोन कुणी ठेवला नाही.