गाठ त्याची, नाव माझं

गाठ मारली की तो ती कानाजवळ नेऊन ताणायचा. "कुरकुरली नाही ना? मग ही आता सुटत नाही."

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका गाळ्यात आम्ही दोघं रॉकेटच्या टोकात बसणारी यंत्रं जोडायचो. रॉकेट शंभरेक किलोमीटर वर जायचं, तिथल्या हवेत विजेचा भार असलेले कण, म्हणजे आयन, किती आहेत ते यंत्र मोजून खाली कळवायचं, आणि काही मिनिटांत सगळा कारभार समुद्रात! यंत्रातल्या तारा मेणाच्या दोऱ्याने बांधाव्या लागत. मी फिजिक्सचा पदवीधर. माझ्या गाठी हादऱ्यांच्या चाचणीत सुटायच्या. तो वर्सोव्याचा कोळी, मॅट्रिक नापास, लहानपणापासून जाळी विणलेला. त्याची एकही सुटायची नाही. तुम्हीच सांगा, माणूस जळणार नाही तर काय करणार?

त्यात साहेबांनी जाहीर केलं, ज्याचं यंत्र टिकेल तो रॉकेट उडताना पाहायला केरळला जाणार.

जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या दोन्ही यंत्रांच्या पेट्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलल्या.

चाचणीनंतर त्याच्या नावाच्या पेटीत तारा लोंबत होत्या. माझ्या नावाची शाबूत. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तो त्या सुटलेल्या गाठींकडे बघत राहिला.

मोरीत हात धुताना म्हणाला, "एवढं जायचं होतं तर बोलायचं ना यार. मीच सोडलं असतं."

"मग सांग साहेबांना."

"राहू दे. जा तू. पण नीट बघ हां, आल्यावर सगळं सांगायचं."

गेलो. उलटी गिनती संपली, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि मी घाबरून डोळे मिटून खाली बसलो. उघडले तेव्हा नुसता धूर!

परतल्यावर त्याने डबा बाजूला सारून विचारलं, "आग कुठल्या रंगाची रे?"

"नारिंगी," मी ठोकून दिलं. मग ठोकतच गेलो. तो ऐकत राहिला.

पुढे तो वारला. त्याच्या घरच्यांना भेटायला वर्सोव्याला गेलो, तर एक म्हातारा कोळी लोकांना सांगत होता, "जमीन अशी थरथरली! नारळावरची पाखरं सगळी एकदम उडाली, आणि त्यांच्यामधून ते वर गेलं."

"तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

"मी कुठला! त्याने पाहिलेलं ना. तुम्ही होता काय त्याच्यासोबत?"

मी होतो म्हणालो. आणि पुन्हा एकदा जळलो. पाखरांचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.